पडद्याची सुरुवात बाईपासून होतच नाही

नमस्कार मंडळी, सलाम. परवा परभणीहून जिंतूरच्या बसमध्ये बसले होते, मे महिना, गाडी नुसती तापलेली, शेजारच्या मावशीनं माझ्या बुरख्याकडं बघितलं अन् विचारलं, "काय गं, गरम नाही होत का?" आता मावशीनं स्वतः डोक्यावरून पदर अन् त्याच्यावरून रुमाल असा गच्च बांधलेला की फक्त डोळे दिसायलेत. मी म्हणलं, तुम्हाला होत नाही का? हसल्या. "माझं उन्हासाठी आहे बाई. तुझं कशासाठी?"

तर हा व्हिडिओ त्या मावशीसाठी समजा.

पहिली गोष्ट, कुराणात सूरह नूरची, म्हणजे नूर नावाच्या अध्यायाची, ३१ वी आयत, म्हणजे वचन, बायकांच्या पडद्याची म्हणून सगळे सांगतात, पण तिच्या आधी ३० वी आहे ना, ती पुरुषांना म्हणते, नजर खाली ठेवा. आधी पुरुष, मग बाई. माझा भाऊ मला ओढणी नीट घे म्हणतो अन् स्वतः गुडघ्याच्या वर हाफ चड्डी घालून ग्राउंडवर जातो, आता पुरुषाचा सतर, म्हणजे झाकायचा भाग, बहुतेक उलमांच्या, म्हणजे धर्माच्या विद्वानांच्या, मते बेंबीपासून गुडघ्यापर्यंत, पण त्याला कोण बोलणार!

३१ व्या आयतीत शब्द आहे खिमार, डोक्यावरची ओढणी. ती अरब बायका आधीपासूनच घेत होत्या, पण टोकं मागं सोडायच्या, त्यामुळं गळा उघडा राहायचा. आयत म्हणते ती जुयूबवर ओढा. हा जुयूब म्हणजे जैबचं अनेकवचन, अन् आपण खिशाला जेब म्हणतो ना, तोच शब्द, पण अरबीत तो कपड्याच्या गळ्याचा काप.

मग कारण काय? सूरह अहजाबची ५९ वी आयत स्वतःच सांगते की अंगावर जिलबाब, म्हणजे वरून घ्यायची चादर, ओढून घ्या म्हणजे तुम्ही ओळखल्या जाल अन् कुणी त्रास देणार नाही. तफसीरवाले, म्हणजे कुराणाचा अर्थ उलगडणारे, सांगतात, मदिन्यात अंधार पडला की टवाळ पोरं बाहेर पडलेल्या बायकांना छळायची, त्यावरून हे आलं. दुसरं कारण हया, म्हणजे लाज म्हणा, मर्यादा म्हणा, अन् ती दोघांनाही लागू. काही लोक उघड्या मिठाईवर माशा बसतात असलं उदाहरण देतात, मला ते अजिबात पटत नाही, बाई काय पेढा आहे का? अन् माशीला कुणी नजर खाली ठेव म्हणून सांगितलंय का?

चेहऱ्याचं म्हणाल तर मतभेद आहेत. आपल्याकडं बहुतेक मुसलमान हनफी पंथाचे, त्यांच्यात चेहरा अन् हात सतरमध्ये येत नाहीत, पण नंतरच्या बऱ्याच उलमांनी फितन्याच्या, म्हणजे मोह-भानगडीच्या, भीतीनं चेहरापण झाका म्हणलं. अन् हजला एहराममध्ये, म्हणजे यात्रेच्या त्या पवित्र अवस्थेत, तर बाईला नकाब, म्हणजे चेहऱ्यावरचा पडदा, लावायलाच मनाई. म्हाताऱ्या बायकांना वरची चादर ठेवून द्यायची सूट, ती नूरच्याच ६० व्या आयतीत, म्हणून आमची नानी दारात साध्या पदरावर बसते.

अन् हे नाही पाळलं तर कुराणात जगातली कुठलीच शिक्षा सांगितलेली नाही, मामला अल्लाहचा अन् तिचा. गल्लीतल्या पोरांनी कुणाला टोकायचं काम नाही, बुरखा घाल म्हणून नाही अन् काढ म्हणूनपण नाही.

एवढं सगळं मी मावशीला सांगायले तर बोरी गाव आलं. मावशी उठल्या, रुमाल सोडला, घाम पुसला, अन् म्हणल्या, "ते नजरेचं आमच्या सरपंचाला येऊन सांग एकदा."