तिसरी काठी

आजचा विषय जाहीर झाला आहे: सपाट पृथ्वीवाल्यांशी साध्या भौतिकशास्त्राच्या आधारे वाद कसा घालावा. त्यावर बोलतोच, पण आधी एक तक्रार मांडू द्या. बरेच दिवस मनात आहे, आणि ती आहे आपल्याच बाजूच्या लोकांविषयी.

अशा वादात आपली माणसं काय करतात? पहिल्याच मिनिटाला अपोलो १७ च्या वेळी, १९७२ साली काढलेला पृथ्वीचा फोटो पुढे करतात. समोरचा म्हणतो, बनावट आहे. झालं, पुढचा अर्धा तास बनावट की खरा यातच जातो. मग हुकमाचा एक्का म्हणून येतो प्राचीन ग्रीक विद्वान इरॅटोस्थिनिस. इजिप्तमधल्या सिएनेत, म्हणजे आजच्या आस्वानला, वर्षातल्या सर्वांत मोठ्या दिवशी भर दुपारी सूर्य डोक्यावर. त्याच वेळी अलेक्झांड्रियात तो ७.२ अंश कललेला. म्हणून पृथ्वी गोल!

मंडळी, या ‘म्हणून’लाच माझी हरकत आहे. इरॅटोस्थिनिसने पृथ्वी गोल असल्याचं सिद्ध केलं नाही. पृथ्वी गोल आणि सूर्य फार लांब, हे धरून चालून त्याने परीघ काढला, आणि ते काम थोरच आहे. गोल का, याची कारणं त्याच्या शंभरेक वर्षं आधी ॲरिस्टॉटलने दिली होती: चंद्रग्रहणातली पृथ्वीची गोल कड, आणि उत्तर-दक्षिण प्रवास केला की बदलणारे तारे. पण हातात फक्त दोन काठ्या आणि दोन सावल्या असतील, तर जमीन सपाट आणि सूर्य सुमारे ६,३०० किलोमीटरवर, या चित्रातही त्या तंतोतंत बसतात. समोरच्याला हे माहीत असतं, आपल्याला नसतं. ऐकायला बसलेला सोळा वर्षांचा मुलगा ते बघतो आणि त्याला वाटतं, यांच्यापाशी उत्तर नाही. याचं मला फार वाईट वाटतं.

आता एक गोष्ट सांगतो. लांबेल थोडी, पण सगळं मर्म तिच्यात आहे.

इंग्लंडमध्ये ओल्ड बेडफर्ड नावाचा कालवा आहे, सहा मैल नाकासमोर सरळ. १८३८ साली सॅम्युअल रोबोथम त्या पाण्यात उतरला, डोळा पाण्यापासून वीतभर उंचीवर ठेवला आणि दूर जाणारी होडी दुर्बिणीतून बघत राहिला. हिशेबाप्रमाणे सहा मैलांवर पाण्यापासून सोळा-सतरा फुटांपर्यंतचं सगळं झाकलं जायला हवं. त्याला होडी दिसत राहिली. त्याने निष्कर्ष काढला, पृथ्वी सपाट.

तो खोटं बोलत होता असं मानायचं कारण नाही. इथेच आपले लोक घसरतात, ‘दिसलीच नसणार’ म्हणतात. अहो, दिसू शकते! पाणी गार असेल तर त्याला चिकटलेली हवा गार आणि दाट, वरची ऊबदार आणि विरळ. प्रकाश दाट थराकडे, म्हणजे खाली वाकतो. दर मीटर उंचीला तापमान अंशाच्या साधारण आठव्या हिश्श्याने वाढत गेलं, तरी किरण जवळपास पृथ्वीच्या वळणाइतकाच वळतो. वीतभर उंचीवर हा खेळ सगळ्यात जोरात चालतो.

पुढे १८७० मध्ये जॉन हॅम्पडनने पाचशे पौंडांची पैज लावली: पाण्याचा फुगवटा दाखवाच. पैज घेतली आल्फ्रेड रसेल वॉलेसने. हो, डार्विनच्या जोडीने नैसर्गिक निवडीचा सिद्धांत मांडणारा तोच वॉलेस. तरुणपणी त्याने जमीनमोजणी केली होती, त्यामुळे रोबोथमची चूक त्याच्या लगेच लक्षात आली. त्याने दृष्टिरेषा पाण्यापासून तेरा फुटांवर उचलली. एका पुलावर दुर्बीण, सहा मैलांवरच्या दुसऱ्या पुलावर तेवढ्याच उंचीवर पांढऱ्या कापडावर काळा पट्टा आणि, हे महत्त्वाचं, बरोबर मध्ये एक खांब, त्यावर त्याच उंचीची तांबडी तबकडी आणि तिच्याखाली चार फुटांवर दुसरी. पाणी सपाट असेल तर वरची तबकडी आणि पट्टा एका रेषेत यायला हवेत. दुर्बिणीत तबकडी पट्ट्याच्या बरीच वर दिसली. तीन मैलांना हिशेबाने सहा फूट, त्यातून हवेच्या वळणाचा हिस्सा वजा. निरीक्षण त्याला धरून होतं.

आणि तरीही हॅम्पडनच्या पंचाने तेच दृश्य बघून सांगितलं, सपाट! मुख्य पंच वॉल्शने निकाल वॉलेसच्या बाजूने दिला. हॅम्पडन मग वर्षानुवर्षं वॉलेसला छळत राहिला, बदनामीची पत्रकं वाटली, वॉलेसच्या पत्नीला धमकीचं पत्र लिहिलं, त्यापायी तुरुंगातही गेला. पैज कायद्याने वसूल करता येत नाही, असं कोर्टात ठरलं आणि जिंकलेले पैसेही वॉलेसच्या हाती राहिले नाहीत. मला या माणसाबद्दल अतोनात आदर आहे. पण पैजेआधी एक गोष्ट राहून गेली: दुर्बिणीत नेमकं काय दिसलं तर कोण हरलं, हे दोन्ही पंचांच्या सहीने लिहून ठेवणं.

रोबोथमकडे दोन बिंदू होते, डोळा आणि होडी. वॉलेसने तिसरा आणला. वाद घालताना हा तिसरा बिंदू आणा, माझं सांगणं एवढंच आहे.

चिठ्ठी आली आहे, दहाच मिनिटं उरली. तेव्हा भराभर.

काठ्या. विषुवदिनी, म्हणजे सूर्य विषुववृत्ताच्या बरोबर डोक्यावर असतो त्या दिवशी, स्थानिक मध्यान्हीला, एक मीटरची काठी ३०, ४५ आणि ६० अक्षांशांवर उभी करा. सावल्या पडतात ५८, १०० आणि १७३ सेंटिमीटर. विषुववृत्तापासून अंतरं साधारण ३,३४०, ५,००० आणि ६,६७० किलोमीटर. जमीन सपाट धरून सूर्याची उंची काढा: पहिली काठी सांगते ५,७८०, दुसरी ५,०००, तिसरी ३,८५०. एकच सूर्य, तीन उंच्या! दुसऱ्या काठीचं खरं मानलं तर ६० अक्षांशावर सावली १३३ सेंटिमीटर हवी. चाळीस सेंटिमीटरचा फरक हवेच्या माथी मारता येत नाही. सूर्य इतका वर असताना हवा किरणाला अंशाच्या तिसाव्या हिश्श्याइतकीही वळवत नाही. म्हणून आधी त्यांच्याकडून सावलीचा आकडा लिहून घ्या, मग मोजा.

तोच ५,००० किलोमीटरवरचा सूर्य २०,००० किलोमीटर दूर गेला तरी क्षितिजाच्या १४ अंश वर राहतो. तो मावळणार कसा? शिवाय दुपारच्या मानाने चौथाईच दिसायला हवा. दुर्बिणीला सौर फिल्टर लावून दुपारी आणि संध्याकाळी रुंदी मोजा, दोन्ही वेळा अर्धा अंशच भरते.

गुरुत्वाकर्षण. काही जण म्हणतात, ते नसतंच, सपाट तबकडी सतत वर वेग घेते. मग ध्रुवाजवळ त्वरण ९.८३ आणि विषुववृत्तावर ९.७८ कसं? १६७२ मध्ये फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ रिशेने पॅरिसचं लंबकाचं घड्याळ विषुववृत्ताजवळच्या कायेनला नेलं, तर ते दिवसाला अडीच मिनिटं मागे पडू लागलं. तबकडीचा एक भाग कमी त्वरणाने आणि दुसरा जास्त त्वरणाने वर जात राहिला, तर ती फाटेल.

शेवटचं, आणि माझ्या सगळ्यात आवडीचं. दक्षिण अमेरिकेचं टोक, दक्षिण आफ्रिका आणि ऑस्ट्रेलिया, इथली माणसं दक्षिणेकडे तोंड करून उभी राहिली की तिघांनाही तारे एकाच बिंदूभोवती घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरताना दिसतात, तेच तारे. उत्तर ध्रुव मध्यभागी असलेल्या सपाट नकाशावर या तिघांची तोंडं तीन वेगळ्या दिशांना, बाहेरच्या कडेकडे आहेत. नकाशा पुढे ठेवायचा, पेन्सिल हातात द्यायची आणि तो बिंदू दाखवा म्हणायचं.

काठ्यांचे आकडे फळ्यावर लिहिले आहेत, उतरवून घ्या. आता प्रश्न विचारा.