चेहऱ्याचे छायाचित्र: आधी अंतर, मग लेन्स

चेहऱ्याचे जवळून छायाचित्र घेण्यासाठी किती फोकल लेन्थची (लेन्सवर मिमीमध्ये लिहिलेल्या आकड्याची) लेन्स घ्यावी, हा प्रश्न बहुधा एका आकड्याच्या अपेक्षेने विचारला जातो, आणि उत्तरही तयार असते: 85 मिमी. हे उत्तर चुकीचे नाही. मात्र ते का बरोबर आहे आणि कुठे अपुरे पडते, हे समजून न घेता लेन्स विकत घेणाऱ्याला पुढे अनेक छायाचित्रांत काहीतरी खटकत राहते आणि त्याचे कारण सापडत नाही. म्हणून आज मी आकड्यापासून नव्हे, तर कॅमेरा आणि चेहरा यांच्यामधील अंतरापासून सुरुवात करणार आहे.

चेहऱ्याची ठेवण छायाचित्रात कशी दिसेल, म्हणजे नाक किती पुढे आल्यासारखे वाटेल, कान किती मागे सरतील, गाल किती रुंद भासतील, हे केवळ या अंतरावर ठरते. फोकल लेन्थ फक्त एवढेच ठरवते की त्या अंतरावरून दिसणाऱ्या दृश्याचा किती भाग चौकटीत येईल. ‘वाइड लेन्स (कमी फोकल लेन्थची, रुंद दृश्य टिपणारी) चेहरा विद्रूप करते’ असे आपण सर्रास म्हणतो. वास्तविक वाइड लेन्सने चौकट चेहऱ्याने भरण्यासाठी आपण फार जवळ जातो, आणि ते जवळ जाणेच चेहरा बिघडवते.

थोडे गणित करून पाहू. नाकाच्या टोकापासून कानापर्यंतची खोली सुमारे 12 सेंटीमीटर धरली, तर नाकापासून 30 सेंटीमीटरवर ठेवलेल्या कॅमेऱ्यापासून कान 42 सेंटीमीटरवर असतो. म्हणजे कानाच्या तुलनेत नाक 40 टक्क्यांनी मोठे नोंदवले जाते. कॅमेरा एक मीटरवर नेला की हा फरक 12 टक्क्यांवर येतो, दीड मीटरवर 8 टक्क्यांवर आणि तीन मीटरवर 4 टक्क्यांवर. या आकड्यांतील उतार नीट पाहण्यासारखा आहे. पहिल्या 70 सेंटीमीटरमध्ये चेहरा पूर्ण बदलतो. दीड मीटरच्या पुढे आणखी दीड मीटर मागे गेलो, तरी हाती लागते ते फारच थोडे. चेहऱ्यासाठी खूप लांब, म्हणजे जास्त फोकल लेन्थची लेन्स घेण्याचा अट्टहास मला म्हणूनच पटत नाही.

हा परिणाम केवळ मोजपट्टीपुरता नसतो, पाहणाऱ्याच्या मनावरही तो उमटतो. कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधील रॉनी ब्रायन, पिएत्रो पेरोना आणि राल्फ अडॉल्फ्स यांनी 2012 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात त्याच माणसांचे चेहरे 45 सेंटीमीटरवरून आणि 135 सेंटीमीटरवरून टिपले होते. जवळून टिपलेले चेहरे पाहणाऱ्यांना कमी विश्वासार्ह, कमी सक्षम आणि कमी आकर्षक वाटले. अंतरातील फरक ओळखता आला नाही, तरी त्याचा परिणाम होतो, ही गोष्ट छायाचित्रकाराने फार गांभीर्याने घ्यायला हवी, कारण समोरच्या माणसाबद्दलचे जगाचे मत अंशतः आपल्या पावलांवर अवलंबून राहते.

आता लेन्सकडे येऊ. सेन्सर म्हणजे कॅमेऱ्यातील प्रतिमा टिपणारा पृष्ठभाग; फुल फ्रेम सेन्सर 36 बाय 24 मिमीचा असतो. कॅमेरा उभा धरून डोके आणि मान मावतील इतकी, म्हणजे साधारण 36 सेंटीमीटर उंचीची चौकट हवी असेल, तर प्रतिमा मूळ आकाराच्या एक दशांश होते आणि लेन्सपासून चेहऱ्याचे अंतर फोकल लेन्थच्या अकरापट येते. हा हिशेब एकदा मनात बसला की बाकीचे आपोआप उलगडते. 50 मिमीला 55 सेंटीमीटरवर जावे लागते, 85 मिमीला सुमारे 93 सेंटीमीटरवर, 105 मिमीला 1.15 मीटरवर, 135 मिमीला दीड मीटरवर आणि 200 मिमीला 2.2 मीटरवर. खांद्यांसह छाती घेऊन चौकट दुप्पट केली की हे अंतरही जवळपास दुप्पट होते. तीच 50 मिमीची लेन्स तेव्हा एका मीटरवर उभी असते आणि चेहरा बराच स्वाभाविक दिसतो. ‘50 मिमीने पोर्ट्रेट घेऊ नये’ हे विधान त्यामुळे अर्धेच खरे आहे. अर्ध्या शरीराचे छायाचित्र या लेन्सने खुशाल घ्यावे. चौकट चेहऱ्याने भरण्यासाठी मात्र ती टाळावी.

लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यातही तत्त्व हेच राहते. ज्याचा क्रॉप फॅक्टर (फुल फ्रेम सेन्सरची लांबी त्याच्या सेन्सरच्या कितीपट, हे प्रमाण) 1.5 आहे, त्या कॅमेऱ्यावर 56 मिमीची लेन्स फुल फ्रेमवरील 85 मिमीइतकेच दृश्य जवळपास त्याच अंतरावरून देते. मायक्रो फोर थर्ड्स या आणखी लहान सेन्सरवर ते काम 42 ते 45 मिमीची लेन्स करते. बदलतो तो लेन्सवरचा आकडा. चेहऱ्यापासूनचे अंतर कायम राहते.

मग 85 आणि 135 यांमध्ये निवड कशी करावी? इथे चेहरा पाहून ठरवावे, असे माझे स्पष्ट मत आहे. नाक ठळक असेल किंवा कपाळ पुढे आलेले असेल, तर दीड ते दोन मीटरवरून ते शांत होते, म्हणून 135 मिमी सरस ठरते. चेहरा गोल आणि गाल भरलेले असतील, तर फार दूरून तो सपाट आणि अधिक रुंद दिसतो, कान बाहेर आल्यासारखे वाटतात. अशा चेहऱ्याला एक मीटरच्या आसपासचे अंतर मानवते, कारण कडा किंचित मागे सरतात आणि चेहऱ्याला खोली मिळते. 100 किंवा 105 मिमी हा या दोहोंमधला समंजस पर्याय आहे, आणि एकच लेन्स घ्यायची असेल तर मी तीच सुचवेन.

अंतर कमी असताना कॅमेऱ्याची उंचीही फार बोलते, ही बाब सहसा दुर्लक्षित राहते. डोळ्यांच्या पातळीपेक्षा कॅमेरा 10 सेंटीमीटर वर धरला, तर 55 सेंटीमीटरवर पाहण्याचा कोन सुमारे 10 अंशांनी बदलतो, दीड मीटरवर तो 4 अंशांच्याही आतच बदलतो. लांब लेन्स अशा लहानसहान चुका पोटात घालते; 50 मिमीला मात्र हनुवटी आणि कपाळ यांचे प्रमाण क्षणात बिघडते.

उथळ डेप्थ ऑफ फील्डविषयी, म्हणजे स्पष्ट दिसणाऱ्या भागाच्या कमी खोलीविषयी, एक गैरसमज दूर करायला हवा. चौकट आणि ॲपर्चर (लेन्सचे छिद्र) तेच ठेवले, तर चेहऱ्यावर स्पष्ट दिसणाऱ्या भागाची खोली 50 मिमीला आणि 135 मिमीला जवळपास सारखीच असते. वर सांगितलेल्या चौकटीत एफ 2 वर (एफचा आकडा जितका लहान, तितके छिद्र मोठे) ती जेमतेम 13 मिमी भरते. एक डोळा स्पष्ट आणि दुसरा धूसर, अशी अवस्था चेहरा थोडा वळताच होते. एफ 5.6 वर हीच खोली सुमारे 37 मिमी होते. दोन्ही डोळे आणि ओठ स्पष्ट हवे असतील, तर महागड्या लेन्सचे ॲपर्चर पूर्ण उघडे ठेवण्याचा मोह आवरलाच पाहिजे. लांब लेन्सने खरा फरक पडतो तो पार्श्वभूमीत: ती मागच्या दृश्याचा लहानसा तुकडाच उचलते आणि तो मोठा करून विरघळवते, म्हणून एफ 5.6 वरही 135 मिमीची पार्श्वभूमी शांत राहते.

इतिहासाचा एक संदर्भ इथे उपयोगी पडतो. योझेफ पेट्सवाल यांनी 1840 मध्ये व्हिएन्नात आरेखित केलेली लेन्स ही पोर्ट्रेटसाठी खास तयार झालेली पहिली प्रसिद्ध लेन्स मानली जाते. तिचे छिद्र सुमारे एफ 3.6 इतके मोठे होते, आणि त्यामागचा हेतू प्रकाशाचा होता. माणसाला निश्चल बसवण्याचा काळ कमी करायचा होता. मोठे छिद्र आणि पोर्ट्रेट यांचे नाते तेव्हापासून जुळले. आज सेन्सर मंद प्रकाशातही उत्तम काम करत असताना त्या नात्याची सक्ती उरलेली नाही.

खरेदीपूर्वी आणखी एक गोष्ट तपासावी, ती म्हणजे लेन्सचे किमान फोकस अंतर. अनेक 85 मिमी लेन्स 80 ते 85 सेंटीमीटरच्या आत फोकस होत नाहीत. पूर्ण चेहऱ्याला ते पुरते, फक्त डोळे आणि ओठ हवे असतील तर पुरत नाही. 100 मिमीची मॅक्रो (अगदी जवळून टिपण्यासाठीची) लेन्स 30 सेंटीमीटरपर्यंत जाते, पण तिथे गेल्यावर नाकाचे गणित पुन्हा डोके वर काढते. शिवाय आतल्या आत फोकस होणाऱ्या अनेक झूम लेन्सची फोकल लेन्थ जवळच्या अंतरावर घटते. 200 लिहिलेली लेन्स दीड मीटरवर 200 उरेलच, असे गृहीत धरू नये.

आणि ज्याच्याकडे फक्त 85 मिमी आहे, त्याने निराश होण्याचे कारण नाही. दीड मीटरवर उभे राहून छायाचित्र घ्यावे आणि नंतर कडा कापाव्यात. चेहऱ्याची ठेवण 135 मिमीने त्याच जागेवरून घेतल्यासारखीच येईल. 24 मेगापिक्सेलपैकी सुमारे साडेनऊ मेगापिक्सेल हाती राहतात, आणि 30 सेंटीमीटर उंचीच्या उत्तम छपाईला तेवढे पुरतात.