निधी आला म्हणून पदपथ करायचा का?

मंडळी, आपल्या नागपुरात रस्त्याकडेनं पदपथ करायला अनुदान मिळणार असं कळलं की लगेच विचारणा होते, किती किलोमीटर? तो आकडा ठरवण्याआधी त्या रस्त्यानं आज पायी कोण जातं आणि कुठे जातं, हे पाहायला हवं.

अनुदानाला मुदत असते. ठरलेल्या तारखेपर्यंत काम संपवून उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे पैसे त्याच कामाला लागल्याचा दाखला, द्यावं लागतं. म्हणून प्रस्ताव आपोआप सोप्या जागेकडे सरकतो. सिव्हिल लाइन्ससारखी लांबलचक आवारभिंत, फाटकं मोजकी, हातठेले नाहीत. काम वेळेत होतं, फोटोही छान येतात. पण पायी चालणं ज्यांना टाळताच येत नाही, ती माणसं इतवारी, महाल, सीताबर्डीत आहेत, लोकमान्यनगर मेट्रो स्टेशनवर उतरून एमआयडीसीकडे निघालेली आहेत. बांधायला सोपी जागा आणि गरजेची जागा बहुधा एक नसते. निर्णयाचा खरा पेच इथे आहे. माझा कल स्पष्ट आहे: ३ किलोमीटर सोप्या जागी करण्यापेक्षा गरजेच्या जागी ८०० मीटर करावेत, मात्र सलग.

पायी जाणाऱ्यांची मोजणी कामाच्या दिवशी सकाळी ७ ते रात्री ९ अशी करा. डांबरावरून चालणारेही मोजा. पदपथच नसेल तर ते दुसरीकडे दिसणार कुठून? फक्त मे महिन्याच्या दुपारी मोजाल तर रस्ता ओस दिसेल. ४५ अंशांत सावलीशिवाय कोणी चालत नाही. एकाच बाजूचे पैसे असतील आणि रस्ता उत्तर-दक्षिण असेल, तर पश्चिमेची बाजू घ्या. दुपार कलली की ती इमारतींच्या सावलीत येते.

आता मापं. भारतीय रोड काँग्रेसच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे चालायला निदान १.८ मीटर मोकळी रुंदी लागते, आणि कर्बची, म्हणजे पदपथाच्या रस्त्याकडच्या कडेची, उंची १५० मिलिमीटरहून जास्त नको. मोकळी म्हणजे त्यात विजेचा खांब, डीपी (वीज वितरणाची पेटी), झाड, बाक यांतलं काही नाही. कागदावर २ मीटर असतात आणि जागेवर डीपीला वळसा घालून माणूस रस्त्यावर उतरतो.

सगळ्यात जास्त घात फाटकांवर होतो. आपल्याकडे गाडी आत जावी म्हणून प्रत्येक फाटकाशी पदपथच खाली आणतात. १५० मिलिमीटरला १ : १२ चा उतार (उंचीच्या बारापट लांबी) म्हणजे १.८ मीटर, दोन्ही बाजूंचे मिळून ३.६, वर फाटकाचे साडेतीन. दर १२ मीटरला फाटक असेल तर सपाट चालायला जेमतेम ५ मीटर उरतात. असा चढउतार गुडघेदुखीचा माणूस करत नाही, चाकाच्या खुर्चीचा तर प्रश्नच नको. पदपथ त्याच पातळीत ठेवा आणि गाडीला चढू द्या, उतार कर्बच्या बाजूला छोटा. अर्जाआधी रस्ता चालून फाटकं मोजा, प्रत्येकाची पातळी घ्या. सिमेंट रस्त्यामुळे जिथे रस्ताच घरांपेक्षा उंच झालाय, तिथे पदपथाचं पाणी कोणाच्या अंगणात जाईल तेही तेव्हाच कळेल.

दुसरी गोष्ट काळ्या मातीची. शहराच्या ज्या भागात ती आहे तिथे ती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते. तिच्यावर थेट गट्टू (पेव्हर ब्लॉक) बसवले की पहिल्या पावसाळ्यात कर्ब कलतो, कडेचा आधार गेला की सांध्यांतून वाळू वाहते, मग ओळीच्या ओळी खचतात. दोष गट्टूंचा नसतो, खालच्या थराचा असतो. अर्धा मीटर काळी माती काढून मुरूम थराथरानं दाबायचा ठरवला तर २ मीटर रुंदीच्या १ किलोमीटरला १,००० घनमीटर मुरूम लागतो. टिप्परची ट्रिप ५-६ घनमीटरची धरली तर निदान १७० ते २०० ट्रिपा, आणि मुरूम दाबल्यावर बसतो म्हणून प्रत्यक्षात जास्तच. वर २०० गुणिले १०० मिलिमीटरचे गट्टू, चौरस मीटरला ५०, म्हणजे एक लाख. अंदाजपत्रकात गट्टू असतात आणि माती बदलणं नसतं, तेव्हा तो आकडा खोटा समजा. दर ५० मीटरला मीटरभर खोल चाचणी खड्डा घेतला की माती, पाण्याची लाइन, केबल सगळं दिसतं.

नालीवरच पदपथ असेल तर आणखी जपा. झाकणांवर गट्टू पक्के केले की गाळ काढायला ते फोडावे लागतात, आणि फोडलेले परत नीट बसत नाहीत. झाकणावर काही बसवू नये, ते उचलता येईल असंच ठेवावं. ६०० गुणिले ६०० गुणिले ७५ मिलिमीटरचं काँक्रीटचं झाकण सुमारे ६७ किलो भरतं. दोन माणसं पहारीनं उचलतात. २३ सप्टेंबर २०२३ च्या पुरानंतर नाल्या उघडता येण्याचं महत्त्व या शहराला वेगळं सांगायला नको.

झाडांच्या बुंध्याभोवती चहूकडे १ मीटर माती मोकळी सोडा. हातठेल्यांचं म्हणाल, तर २०१४ च्या पथविक्रेता कायद्यानुसार नगर पथविक्रेता समितीशी आधी बोला. त्यांची जागा आराखड्यात आखली नाही, तर ते १.८ मीटरमध्येच उभे राहणार, कारण गिऱ्हाईक तिथेच आहे.

उरलं देखभालीचं. अनुदान बांधायला मिळतं. दोष दायित्वाची मुदत, म्हणजे कंत्राटदारानं बिघाड स्वखर्चानं दुरुस्त करायचा काळ, संपली की सांध्यांत वाळू भरणं, तुटलेली झाकणं बदलणं, फांद्या छाटणं हे कोणाच्या खात्यात? रस्ता मनपाचा, सार्वजनिक बांधकाम विभागाचा की राष्ट्रीय महामार्गाचा, हे सातबाऱ्याइतकं स्पष्ट हवं. त्या यंत्रणेकडून दोन गोष्टी लेखी घ्या: ना हरकत, आणि या रस्त्याच्या नावानं दरवर्षीची तरतूद. पहिलं पत्र सहज मिळतं. दुसरं मिळत नसेल तर लांबी कमी करून पुन्हा मागा, आणि तरीही नकार आला तर त्या रस्त्यासाठी अर्ज करू नका. तोच निधी त्याच भागातल्या चौकांत झेब्रा पट्टे, दुभाजकातली थांबायची जागा आणि दिवे यांसाठी वापरता येतो का, ते योजनेच्या अटींत पाहा. अशा कामाला देखभाल थोडी लागते आणि रस्ता ओलांडणाऱ्याला त्याचा उपयोग पहिल्या दिवसापासून होतो.