बचावफळीतला न्यायमूर्ती

श्रोतेहो, नमस्कार.

अमेरिकन फुटबॉल म्हटलं की आपल्याला आठवतात ती हेल्मेटं, पॅड लावून रुंद झालेले खांदे आणि एकमेकांवर आदळणारी धिप्पाड माणसं. चेंडू नेमका कुठं आहे, हे शोधण्यातच आपला अर्धा वेळ जातो. आज ज्यांच्याबद्दल बोलायचं आहे ते ॲलन पेज या आदळआपटीच्या अगदी मधोमध उभे राहायचे. 15 हंगाम ते व्यावसायिक फुटबॉल खेळले आणि पुढं 22 वर्षं न्यायमूर्ती होते.

आधी त्यांचं मैदानावरचं काम समजून घेऊ. प्रत्येक संघाचे 11 खेळाडू. चढाई करणाऱ्या संघाचा सूत्रधार म्हणजे क्वार्टरबॅक. तो चेंडू घेऊन मागं सरकतो, मोकळा साथीदार शोधतो आणि फेकतो. त्याच्यापुढं त्याचे पाच दणकट सहकारी भिंतीसारखे उभे असतात. बचाव करणाऱ्या संघाची सगळ्यात पुढची फळी म्हणजे डिफेन्सिव्ह लाइन. ती भिंत फोडून क्वार्टरबॅकला गाठायचं, चेंडू सुटायच्या आत त्याला आडवा करायचा. याला म्हणतात सॅक. आपल्या कबड्डीत पकड करणारा दबा धरून थांबू शकतो, सापळा लावू शकतो. इथं ती चैन नाही. दोन-तीन सेकंदांत सगळं आटोपतं.

पेज यांचा जन्म 1945 चा, ओहायो राज्यातल्या कँटन या गावचा. तिथंच व्यावसायिक फुटबॉलचं हॉल ऑफ फेम, म्हणजे थोर खेळाडूंचा सन्मान करणारं संग्रहालय, उभं राहिलं, 1963 मध्ये. त्याच्या बांधकामावर शाळकरी वयाच्या पेज यांनी मजुरी केली होती. पुढं नोत्र दाम विद्यापीठाच्या संघातून ते खेळले, 1966 मध्ये तो संघ राष्ट्रीय विजेता ठरला आणि 1967 मध्ये नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत मिनेसोटा वायकिंग्ज या व्यावसायिक संघानं त्यांना पहिल्याच फेरीत निवडलं.

वायकिंग्जचं तेव्हाचं मैदान उघडं होतं. डिसेंबरात तिथं हाडं गोठवणारी थंडी. प्रशिक्षक बड ग्रँट यांनी तर मैदानाकडेला शेगड्या लावायलाही मनाई केली होती! अशा थंडीत जांभळ्या पोशाखातली पेज, कार्ल एलर, जिम मार्शल आणि गॅरी लार्सन ही चौकडी समोरच्यांच्या उरात धडकी भरवायची. त्यांना लोक ‘पर्पल पीपल ईटर्स’ म्हणत, म्हणजे जांभळे नरभक्षक. पेज यांची उंची 6 फूट 4 इंच, वजन सुमारे 111 किलो. आपल्याला हे अवाढव्य वाटेल, पण त्या जागेसाठी ते हलकेच होते. त्यांची खरी ताकद वेगात. चेंडू हलला की समोरचा पाय रोवायच्या आत ते त्याच्या बगलेतून आत शिरलेले असत.

1971 मध्ये असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेनं त्यांना एनएफएल या व्यावसायिक लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरवलं. बचावपटूला हा मान पहिल्यांदाच मिळत होता. त्यांच्यानंतरही तो फक्त एकाच बचावपटूला मिळाला, 1986 मध्ये लॉरेन्स टेलरला. बाकी सगळी वर्षं चेंडू फेकणारे, पळवणारे, क्वचित लाथाडणारे. आणि गंमत बघा, लीगनं सॅक अधिकृतपणे मोजायला सुरुवात केली 1982 मध्ये, पेज निवृत्त झाले 1981 मध्ये. म्हणजे अधिकृत तक्त्यात त्यांच्या नावावर एकही सॅक नाही. अजिंक्यपदाचं म्हणाल, तर वायकिंग्ज चार वेळा सुपर बोलपर्यंत, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यापर्यंत, पोचले आणि चारही वेळा हरले.

मला त्यांच्या कारकिर्दीत सगळ्यात रंजक वाटतं ते 1978 साल. पेज खेळाडूंच्या संघटनेत सक्रिय होते, संघमालकांशी वाद घालायचे. खेळता खेळताच ते मिनेसोटा विद्यापीठात कायदा शिकत होते. आधी एकदा दुसऱ्या विधी महाविद्यालयात नाव घालून तीनच आठवड्यांत ते बाहेर पडले होते; या खेपेला मात्र चिकाटी धरली आणि 1978 मध्ये पदवी घेतली. त्यातच त्यांना धावण्याचा नाद लागला. पत्नी डायान यांनी सिगारेट सोडण्यासाठी धावायला सुरुवात केली होती, हे सोबतीला निघाले आणि वजन उतरत गेलं. इतकं हलकं शरीर आता फळीत टिकणार नाही, असं प्रशिक्षकांचं म्हणणं पडलं आणि हंगाम सुरू असतानाच वायकिंग्जनी त्यांना सोडून दिलं. शिकागो बेअर्स या दुसऱ्या संघानं त्यांना उचललं ते फक्त 100 डॉलरचं शुल्क भरून. तिथं ते आणखी तीन हंगामांहून जास्त खेळले. मधल्या काळात, 1979 मध्ये, त्यांनी मॅरेथॉन पुरी केली. लीगमध्ये खेळत असताना मॅरेथॉन पुरी करणारे ते पहिलेच. वजनाचा काटा बघून माणूस मोजण्यात वायकिंग्ज चुकले, असं माझं स्पष्ट मत. एकूण सलग 218 सामने ते एकही न चुकवता खेळले, हेही इथंच सांगून टाकतो.

निवृत्तीनंतर वकिली, मग राज्याच्या महाधिवक्त्यांच्या कार्यालयात नोकरी. मिनेसोटात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती मतदानानं निवडले जातात. आपल्याला हे जरा विचित्रच वाटतं. 1992 मध्ये त्यांना हव्या असलेल्या जागेची निवडणूक सरकारनं एका न्यायमूर्तींची मुदत वाढवून पुढं ढकलली. पेज यांनी दावा ठोकला, तो जिंकला, मग निवडणूकही जिंकली. त्या न्यायालयातले ते पहिले कृष्णवर्णीय न्यायमूर्ती. तीनदा फेरनिवड झाली आणि 2015 मध्ये, सत्तरीच्या सक्तीच्या वयोमर्यादेमुळं, ते पायउतार झाले.

1988 मध्ये हॉल ऑफ फेमनं त्यांचा सन्मान केला. अशा वेळी ओळख करून द्यायला खेळाडू सहसा आपल्या प्रशिक्षकाला बोलावतात. पेज यांनी मिनियापोलिसच्या एका शाळेच्या मुख्याध्यापिकांना बोलावलं आणि भाषण केलं ते शिक्षणावर. त्याच वर्षी त्यांनी शिष्यवृत्तीसाठी प्रतिष्ठान काढलं. त्याची अट मला फार आवडते: पैसे घेणाऱ्या विद्यार्थ्यानं आपल्याहून लहान मुलांना शिकवायला वेळ द्यायचा.

2018 मध्ये त्यांना अमेरिकेचं सर्वोच्च नागरी पदक मिळालं. निवृत्त न्यायमूर्तींचा आणखी एक उद्योग आहे. शहरात मॅरेथॉन असली की ते रस्त्याच्या कडेला उभे राहतात, अंगाभोवती वेटोळं घालणारं भलंमोठं पितळी सूझाफोन वाद्य खांद्यावर घेतात आणि धावणाऱ्यांसाठी जोरजोरात वाजवत राहतात.

नमस्कार.