पडद्यावर दिसणं म्हणजे दिसणं नव्हे

नमस्कार श्रोतेहो. गेंडीगेटला पतंगांच्या दुकानांपुढे गाडी लावायला जागा मिळेनाशी झाली, रस्त्याकडेला दोरी रंगवणाऱ्यांचे खांब उभे राहिले, म्हणजे उत्तरायण आलंच. अलीकडे या दिवसांत बडोद्याच्या आकाशात पतंगांबरोबर ड्रोनही घिरट्या घालताना दिसतात. आणि खाली गच्चीवर एखादा मुलगा उभा असतो, मान वर न करता हातातल्या पडद्यात बुडालेला. आजचं बोलणं त्याच्याशी आहे. त्याला ड्रोन घेऊन देणाऱ्या आईबाबांनीही ऐकलं तर बरं.

हौसेखातर ड्रोन उडवणाऱ्याला आपल्या कायद्याने बरीच मोकळीक दिली आहे. पण तिला एक अट आहे, आणि ती बहुतेकांनी वाचलेलीच नसते.

25 ऑगस्ट 2021 रोजी केंद्र सरकारने ड्रोन नियम 2021 लागू केले. त्याआधी कागदपत्रांचा नुसता रगाडा होता. 25 प्रकारचे फॉर्म होते, ते 5 झाले. 72 प्रकारची शुल्कं होती, ती 4 वर आली. 250 ग्रॅमपर्यंतचा नॅनो ड्रोन कुणीही उडवावा, आणि 2 किलोपर्यंतचा मायक्रो ड्रोन धंद्यासाठी नसेल तर त्यालाही पायलटचं प्रमाणपत्र नको, असं ठरलं. सरकारी नियम वाचून माणसाला बरं वाटावं असा प्रसंग विरळा, पण हा तसा होता.

आता ती अट. याच नियमांत ‘मॉडेल’ ड्रोनची व्याख्या आहे. वजन 25 किलोपर्यंत, वापर शिक्षणासाठी, संशोधनासाठी किंवा करमणुकीसाठी, आणि उड्डाण नजरेच्या टप्प्यात. अशा ड्रोनला टाइप सर्टिफिकेट, म्हणजे ते मॉडेल तपासून मंजूर झाल्याचं प्रमाणपत्र, लागत नाही. व्याख्येतले शेवटचे शब्द पुन्हा ऐका: नजरेच्या टप्प्यात. तुमचा दीड किलोचा ड्रोन समोरच्या सोसायटीमागे दिसेनासा झाला, की तो या व्याख्येतून बाहेर पडला, आणि व्याख्येमुळे मिळालेली सूटही संपली. नॅनोला ही सूट वजनामुळेच मिळते हे खरं. पण 200 ग्रॅमची वस्तू चार मजल्यांवरून कुणाच्या डोक्यावर आली, तर त्या डोक्याला व्याख्येचा काही उपयोग नाही.

यावर मुलं हमखास म्हणतात, “काका, दिसत नाही कसं? पडद्यावर सगळं दिसतंय की!” पडद्यावर दिसतं ते ड्रोनच्या नाकासमोरचं. मागून येणारी घार, डावीकडून चढत येणारा पतंग, वरून जाणारं हेलिकॉप्टर यातलं काही त्या चौकटीत येत नाही. जमिनीवर उभं राहून ड्रोनकडे बघणाऱ्याला मात्र ड्रोनच्या भोवतीचं आकाशही दिसतं. नियमाला अपेक्षित आहे ते हे दिसणं.

मग डोळ्याला किती लांबचं दिसतं? आपल्या सगळ्यांना जमेल असा हिशोब आहे. चांगली नजर असलेल्या माणसाला साधारण एका अंशाच्या साठाव्या भागाएवढं बारीक ओळखता येतं. एक फूट रुंदीचा ड्रोन एक किलोमीटरवर गेला की बरोबर तेवढाच उरतो. म्हणजे एक किलोमीटर ही कागदावरची हद्द. प्रत्यक्षात ड्रोनचे हात बारीक, मागे पांढरं चकचकीत आकाश, त्यामुळे त्याच्या निम्म्यातच तो ठिपका होऊन बसतो. त्याचं तोंड कुणीकडे आहे, तो येतोय की जातोय, हे त्याही आधी कळेनासं होतं. रिमोटची काडी डावीकडे दाबली आणि तो उजवीकडे पळाला, असं व्हायला लागलं की समजावं, ड्रोन आपल्या टप्प्याबाहेर गेला आहे. खोक्यावर मात्र दहा-दहा किलोमीटरचे आकडे छापलेले असतात. तो रेडिओ सिग्नलचा पल्ला आहे, डोळ्याचा नव्हे, आणि परवानगीचा तर मुळीच नव्हे.

त्यात वाऱ्याचा हिशोब वेगळा. समजा ड्रोनचा वेग सेकंदाला 15 मीटर आहे आणि वर 5 मीटरचा वारा वाहतोय. वाऱ्याबरोबर जाताना तो 20 च्या वेगाने जातो, एक किलोमीटर 50 सेकंदांत. परत येताना उरतात 10. तोच किलोमीटर, 100 सेकंद. जाताना बॅटरी जेवढी खर्ची पडली तिच्या जवळपास दुप्पट परतीला लागते, आणि हे लक्षात येतं तेव्हा पडद्यावर लाल अक्षरं लुकलुकायला लागलेली असतात. उत्तरायणात वारा चांगला असावा म्हणून आपण सगळे देव पाण्यात घालून बसतो. ड्रोनवाल्याने तेवढे दिवस तरी उलटी प्रार्थना करावी.

नजरेपलीकडची उड्डाणं देशात होतच नाहीत असं नाही. मे 2021 मध्ये सरकारने 20 संस्थांना अशा प्रायोगिक उड्डाणांची परवानगी दिली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये तेलंगणात विकाराबादला ड्रोनने औषधं पोचवण्याच्या चाचण्या झाल्या. ऑक्टोबरमध्ये मणिपुरात बिष्णुपूरहून लोकताक सरोवरातल्या करांग बेटावर लस गेली. हवाई अंतर सुमारे 15 किलोमीटर, वेळ 12 ते 15 मिनिटं. लोकांच्या खरोखर कामी येणारी ही उड्डाणं आहेत. पण त्यांच्यामागे ठरवून दिलेला मार्ग असतो, विमान वाहतुकीशी जुळवून घेतलेली वेळ असते, जबाबदार संस्था असते. रविवारी सकाळी सेवासीच्या शेतात ड्रोन घेऊन गेलेल्या हौशी माणसासाठी हा रस्ता उघडलेला नाही.

परदेशात सगळं मोकळं आहे असाही एक समज असतो. अमेरिकेतल्या हौशी ड्रोनवाल्यांसाठीच्या कायद्यात हीच अट आहे. ड्रोन उडवणाऱ्याला दिसायला हवा, नाहीतर त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या आणि त्याच्याशी बोलू शकणाऱ्या साथीदाराला तरी. डोळ्यांवर गॉगल चढवून उडवणाऱ्यांना युरोपातही शेजारी असा माणूस लागतो. ऑगस्ट 2025 मध्ये अमेरिकेने नजरेपलीकडच्या उड्डाणांसाठी नव्या नियमांचा मसुदा काढला, पण त्याचा रोख माल पोचवणाऱ्या, पाहणी आणि फवारणी करणाऱ्या कंपन्यांकडे आहे. आणि हो, तिकडच्या भाच्याकडून ड्रोन मागवायचा विचार असेल तर तो सोडून द्या. 9 फेब्रुवारी 2022 पासून तयार परदेशी ड्रोनच्या आयातीवर बंदी आहे. सुटे भाग आणता येतात.

आता आपल्या बडोद्याचं. विमानतळ हरणीला, म्हणजे शहराला अगदी खेटून. मकरपुऱ्याला हवाई दलाचं ठाणं. शिवाय ऑक्टोबर 2024 मध्ये हवाई दलासाठीच्या सी-295 मालवाहू विमानांचा कारखाना सुरू झाला, करारातल्या 56 पैकी 40 विमानं इथे बनायची आहेत. नियमाप्रमाणे चालू विमानतळाच्या हद्दीपासून 5 ते 8 किलोमीटरचा पट्टा जमिनीपासूनच पिवळा, म्हणजे हवाई वाहतूक नियंत्रणाच्या परवानगीशिवाय उड्डाण नाही. 8 ते 12 किलोमीटरमध्ये 200 फुटांपर्यंत मुभा, त्यापलीकडे हिरव्या भागात 400 फुटांपर्यंत. लाल भागात केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय उडवायचंच नाही. ‘डिजिटल स्काय’ या ड्रोनसाठीच्या सरकारी संकेतस्थळावर देशाचा नकाशा या तीन रंगांत आहे. वारसियाचा, कारेलीबागेचा, मांजलपूरचा माणूस तो एकदा उघडून बघेल, तर घरच्या गच्चीवरून उडवायची हौस बहुधा तिथेच निवेल. नियम मोडल्यास दंड एक लाख रुपयांपर्यंत आहे, म्हणजे ड्रोनच्या किमतीपेक्षा बहुतेक वेळा जास्तच.

उत्तरायणाच्या दिवशी आणखी एक घोटाळा होतो. सिग्नल तुटला की बरेचसे ड्रोन आपोआप घरी फिरतात. आधी ठरवून दिलेल्या उंचीवर जायचं आणि सरळ रेषेत परत यायचं, एवढंच त्यांना ठाऊक. ती उंची तुम्ही 30 मीटर ठेवली असेल आणि वाटेत बारा मजली इमारत असेल, तर काय होईल ते सांगायला नको. आणि 14-15 जानेवारीला त्या सरळ रेषेत शेकडो दोऱ्या आडव्या आलेल्या असतात. पुढे अडथळा ओळखणारे सेन्सर असले तरी मांजा इतका बारीक असतो की त्यांना तो दिसेलच असा भरवसा नाही. पंख्यात दोरी गुंडाळली की मोटर अडते, आणि चारातला एक पंखा गेला की चार पंख्यांचा ड्रोन सहसा सावरत नाही. दांडियाबाजारच्या गल्ल्यांमध्ये तेव्हा खाली माणसं उभी असतात, सगळ्यांच्या माना वर, डोळे आपापल्या पतंगावर. या दोन दिवसांत दाट वस्तीवर ड्रोन काढूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. नकाशा हिरवा असला तरीही.

बाकीच्या दिवशी उडवताना एक माणूस बरोबर घ्या. तुम्ही पडदा बघा, त्याने आकाश बघायचं. “दिसत नाही” असं तो म्हणाला की वाद न घालता ड्रोन मागे आणायचा. त्याला चष्मा असेल तर तो लावूनच उभं करा. हे सांगावं लागतं, कारण फोटोसाठी लोक चष्मा काढून ठेवतात. ड्रोनची नोंदणी करून मिळालेला ओळख क्रमांक त्याच्यावर नीट वाचता येईल असा लावा. आणि इतकं करूनही अपघात झालाच, तर 48 तासांच्या आत डिजिटल स्कायवर कळवायचं असतं, हे ज्याच्या नावावर ड्रोन आहे त्या घरातल्या मोठ्या माणसानेही लिहून ठेवावं. नमस्कार.