रोमन नाणं: घासायचं की राहू द्यायचं?

[दृश्य: सूक्ष्मदर्शकाखाली नाणं, प्रकाश एका बाजूने]

व्यास साधारण १८ मिलिमीटर, वजन अडीच ग्रॅमच्या आसपास. तिरप्या प्रकाशात आधी नाक उठून दिसतं, मग डोक्यावरची फुलांची पट्टी. हा रोमन सम्राट कॉन्स्टंटाइन. मागच्या बाजूला भाले घेतलेले दोन सैनिक, त्यांच्यामध्ये दोन ध्वज, कडेने 'ग्लोरिया एक्झर्सितुस', म्हणजे 'सैन्याचा गौरव', ही अक्षरं. सैनिकांच्या पायाखाली टांकसाळीची खूण: सिस्किया, म्हणजे आजच्या क्रोएशियातलं सिसाक. दोन ध्वजांचा हा प्रकार इसवी सन ३३० ते ३३५ मधला. पुढे नाणं हलकं झालं आणि ध्वज एकच उरला.

ही नाणी अफाट संख्येने पाडली गेली. आजही ती स्वस्तात मिळतात, आणि स्वस्त म्हणूनच विकत घेणारा बिनधास्त घासायला बसतो.

[दृश्य: तुटलेल्या नाण्याची कड, मोठी करून]

घासण्याआधी ही कड नीट बघा. मधोमध धातू: तांबं, कथील, शिसं आणि किंचित चांदी. त्यावर विटकरी लाल थर, क्युप्राइट. त्याच्यावर हिरवा, मॅलकाइट. या दोन्ही थरांना मिळून पॅटिना म्हणतात. हे थर बाहेरून येऊन बसलेले नाहीत. मातीतल्या ओलाव्याने आणि कार्बन डायऑक्साइडने नाण्याचाच धातू जागच्या जागी खनिज झाला आहे. म्हणजे सम्राटाच्या पापणीची रेघ, अक्षराची धार, हे सगळं आता धातूत नाही, या हिरव्या थरात आहे. हिरवा थर काढला की त्याच्याबरोबर पापणीही जाते.

[दृश्य: काचेच्या वाटीत लिंबाचा रस, त्यात दुसरं नाणं]

तांब्या-पितळेची भांडी चिंच-लिंबाने लख्ख करायची आपल्याकडची सवय जुनी आहे. भांड्याला ते चालतं, कारण काळवटपणाखाली धड धातू असतो. इथे वाटीतून बाहेर आलंय ते बघा: गुलाबी, खड्ड्याखड्ड्यांचं, चेहरा पुसलेलं. त्या काळच्या नाण्यांवर चांदीचा पातळ मुलामा असायचा. त्याचे उरलेले कणही आम्लात गेले. व्हिनेगर आणि विजेच्या प्रवाहाने केलेली सफाई यांचा शेवटही हाच. किंमत पडते, आणि गेलेलं परत आणता येत नाही.

ऑलिव्ह तेलात महिनोन्‌महिने बुडवून ठेवायची शिफारस सर्रास होते. तेलातली आम्लं हळू चालतात, पण पॅटिनावरच चालतात. शिवाय छिद्रांत मुरलेलं तेल पुढच्या प्रत्येक उपचाराच्या आड येतं.

[दृश्य: टेबल, वजनकाटा, भिंग, बांबूची काडी, झाकणाची काचेची बाटली]

मग करायचं काय? दोन्ही बाजूंचे फोटो, वजनाची नोंद, आणि दहापट भिंगातून शांतपणे पाहणी. विक्रेत्याकडून घेतलेलं नाणं बहुधा आधीच साफ केलेलं असतं, वर मेणाचा हातही असतो. चेहरा ओळखू येतोय, अक्षरं लागतायत, पृष्ठभाग घट्ट आहे, तर काम संपलं. त्याला काहीही करू नका.

खोबणींत वाळूसारखा पिवळट थर दिसला तर शंका घ्या. चांगली 'वाळवंटी' पॅटिना लोकांना आवडते, म्हणून गोंदात वाळू कालवून ती नकली चढवतात. नाणं काचेच्या बाटलीत ॲसिटोनमध्ये १०-१५ मिनिटं ठेवा, खिडकी उघडी आणि जवळ ज्योत नको. बहुतेक गोंद आणि वार्निशसारखे लेप सुटतात. खऱ्या पॅटिनाला धक्का लागत नाही.

[दृश्य: सूक्ष्मदर्शकाखाली काडीचं टोक, माती उडताना. सलग शॉट]

आता हा भाग सावकाश बघण्यासारखा आहे. इथे खरंच मातीचा कडक थर आहे, आणि सैनिकाचे पाय त्याखाली दडले आहेत. नाणं काही दिवस डिस्टिल्ड पाण्यात भिजवलंय, पाणी रोज बदललंय. नळाचं पाणी वापरत नाहीत, त्यात क्लोराइड असतं. सुरुवात मोकळ्या जागेत, कडेजवळ. चेहऱ्यावर कधीच नाही. बांबूची काडी किंवा गुलाबाचा काटा दहा ते वीसपट मोठं दिसेल अशा भिंगाखाली जवळजवळ आडवा धरायचा. खरवडायचं नाही, थर नुसता उचकटायचा. माती तपकिरी ढलप्यांनी सुटते. खाली गुळगुळीत, घट्ट हिरवं लागलं की तिथेच थांबायचं. लाल दिसायला लागलं तर हात एक थर जास्त खोल गेलाय. चकचकीत तांबूस रेघ दिसली, तर तो ओरखडा आहे आणि तो तसाच राहणार. पॅटिना ठिसूळ असते. अक्षराच्या कडेवर बाजूने दाब आला की आख्खं अक्षर उडतं. धुळीत शिसं असतं, म्हणून तोंडावर मास्क. आणि फुंकर मारायची नाही, ओल्या कापसाने टिपायचं.

[दृश्य: बंद डब्यात ओला कापूस, शेजारी नाणं, टाइम-लॅप्स]

हे ठिपके वाढताना दिसतायत? फिकट पोपटी, भुरभुरीत, सुईने टोचले की पूड पडते. याला ब्राँझ डिसीझ म्हणतात, आणि हात लावायलाच हवा अशी मुख्य वेळ हीच. पॅटिनाखाली क्युप्रस क्लोराइड, म्हणजे तांबं आणि क्लोरीनचं संयुग, दडलेलं असतं. ओलावा आणि हवा मिळाली की त्याची ही पूड होते, सोबत हायड्रोक्लोरिक आम्ल सुटतं. ते आम्ल ताजं तांबं खातं, पुन्हा क्लोराइड बनतं, आणि चक्र चालूच राहतं. संशय आला की नाणं बाकीच्यांपासून वेगळं काढा. डब्यात २४ तास ठेवून नवे ठिपके आले तर संशय खरा.

पूड काडीने पूर्ण काढायची. मग एक लिटर डिस्टिल्ड पाण्यात ५० ग्रॅम सोडियम सेस्क्विकार्बोनेट, म्हणजे क्लोराइड ओढून काढणारा क्षार, आणि त्यात नाणं बुडवायचं. द्रावण ठरावीक दिवसांनी बदलत राहायचं. आठवडे लागतात, कधी महिने. पॅटिनाचा रंग थोडा बदलू शकतो, ते पत्करावं लागतं. नंतर स्वच्छ पाण्यात भिजवून क्लोराइड आणि क्षार काढायचे, अल्कोहोलने पाणी हटवायचं आणि पूर्ण वाळवायचं. मग तांब्याचं गंजणं रोखणारं बेंझोट्रायझोल, इथेनॉलमध्ये तीन टक्के, त्यात नाणं २४ तास. हे रसायन आरोग्याला घातक आहे: नायट्राइल हातमोजे, हवेशीर जागा, मुलांच्या हाताला लागणार नाही अशी बाटली. पुन्हा डब्यातली चाचणी. ठिपके आले नाहीत तरच मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ हात.

[दृश्य: पावसाळी खिडकी, हवाबंद डबा, आर्द्रतामापक]

मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यात हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर जाते. या नाण्याला ४० च्या खालीच बरं. हवाबंद डबा, सिलिका जेल, आत छोटा आर्द्रतामापक. मऊ पीव्हीसीची पाकिटं टाळा, त्यांतून सुटणारा चिकट पदार्थ तांब्याला हिरवा करतो, पॉलिएस्टरची घ्या. शिवराईसारख्या तांब्याच्या नाण्यांनाही हेच लागू.

[दृश्य: पाकिटावरची चिठ्ठी]

हे नाणं कुठल्या शेतातून निघालं, मातीच्या कुठल्या थरात होतं, याची नोंद कोणी ठेवली नाही. म्हणून निदान आत्ता त्याच्यावर काय केलं ते लिहा: तारीख, वापरलेलं द्रावण, किती दिवस, मेण लावलं की नाही. काहीच केलं नसेल तर तेही लिहा. पुढे ज्याच्या हातात ते जाईल त्याला उपचार करायची वेळ आली, तर तो आधी ही चिठ्ठी शोधेल.