भगदाडात घातलेली बोट

श्रोतेहो, नमस्कार. आज बोलायचं आहे नदीकाठच्या पूरबांधांबद्दल. धरणाबद्दल नव्हे, बरं का. धरण नदीला आडवं असतं. पूरबांध नदीच्या कडेकडेनं, तिच्यासोबत मैलोन् मैल चालतो आणि पाणी पात्राबाहेर येऊ देत नाही. बातमीत नुसतं 'बांध फुटला' असं ऐकलं की मला विचारावंसं वाटतं, अहो, शेताचा, तळ्याचा की नदीचा? आपल्या बातम्यांमध्ये विशेषणं भरपूर आणि नामं मोघम. असो, तो विषय वेगळा.

पूरबांधाबद्दल तीन गोष्टी माहीत असाव्या लागतात. तो कुठून कुठे जातो, खरोखर किती उंच आहे, आणि तो कोणाचा आहे. कुठे, किती, कोणाचा. पूरबांधांचा नकाशा करायचा तो यासाठीच.

आता गोष्ट सांगतो. बांधाच्या भोकात बोट घालून रात्रभर बसलेल्या डच मुलाची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. ती विसरा. मातीच्या बांधाला भोक पडलं तर बोटानं ते बुजत नाही, उलट रुंदावत जातं. पण भगदाडात बोट घातल्याची खरी गोष्ट त्याच देशात, म्हणजे नेदरलँड्समध्ये, घडली आहे. ही बोट मात्र हाताची नव्हे, पाण्यावर चालणारी.

साल 1953. जानेवारीची 31 तारीख, शनिवारची रात्र. पौर्णिमा नुकतीच होऊन गेलेली, म्हणजे समुद्राला उधाण. त्यात वायव्येकडून वादळ आलं आणि उत्तर समुद्राचं पाणी नेदरलँड्सच्या किनाऱ्यावर चढू लागलं. धोक्याची सूचना निघाली होती, पण लोकांपर्यंत पोचवायची कशी? त्या काळी तिथला रेडिओ मध्यरात्री बंद व्हायचा. माइकसमोर बसून हे सांगताना मला आजही कसंसंच होतं. माणसं झोपली होती, रेडिओही झोपला होता. त्या पुरात त्या देशातली 1836 माणसं गेली.

दक्षिणेकडचे बांध एकामागून एक फुटत होते. इकडे हॉलंड्स आयसेल नावाच्या नदीतही समुद्राचं पाणी शिरलं. या नदीच्या काठच्या बांधामागे समुद्रसपाटीहून खोल असलेला मुलूख, आणि त्यात सुमारे 30 लाखांची वस्ती. बांधाच्या एका भागाचं नाव ग्रूनेनडाइक, म्हणजे हिरवा बांध. नाव गोड आहे, पण त्याला दगडाचं अस्तर नव्हतं, नुसती माती. हा भाग कच्चा आहे हे गावाला ठाऊक होतं. म्हणून तर त्या रात्री गावची माणसं नेमकी तिथेच बांध सावरायला उभी होती. हे वाक्य पुन्हा सांगतो, कारण सगळी गोष्ट त्यावर उभी आहे. माणसं नेमकी कच्च्या जागी उभी होती.

पहाटे साडेपाचच्या सुमारास बांध खचला. पाणी आत घुसू लागलं. नीउवेरकेर्क गावच्या नगराध्यक्षांनी नदीतली एक मालवाहू बोट ताब्यात घेतली. बोटीचं नाव 'दोघे भाऊ'. तिचा तांडेल होता आरी एव्हेग्रून. हुकूम असा की तुझी बोट या भगदाडात घाल. विचार करा, ज्या बोटीवर पोट, तीच बोट! आणि ओढीनं ती भगदाडातून आरपार गेली तर खाली खोलगट रानात कोसळणार. एव्हेग्रूननं सोबत एक वल्ह्याची होडी घेतली, वेळ आलीच तर जीव वाचवायला. मला त्याची ही होडी फार आवडते. शूर माणूस होता, पण हिशेबी होता.

त्यानं बोट भगदाडाशी नेली. पाण्यानंच तिला बांधावर दाबून धरलं आणि ती दार लावावं तशी बसली. घट्ट बसली. पाणी अडलं. 30 लाखांचा मुलूख एका बोटीच्या कडेवर तरला. आज तिथे स्मारक आहे. त्याचं नाव डच भाषेतल्या एका वाक्प्रचारावरून ठेवलंय, 'कडेवर उभं राहिलेलं नाणं', म्हणजे अगदी थोडक्यात निभावलेलं. पुढे 1958 मध्ये याच नदीवर वादळात खाली सोडता येणारा भलामोठा दरवाजा उभा राहिला. म्हणजे बोटीचं काम कायमचं करून ठेवलं.

गोष्टीत वेळ बराच गेला. आता भराभर सांगतो.

अमेरिकेत न्यू ऑर्लिन्सला 2005 साली वादळानं बांध आणि भिंती फुटल्या, शहराचा सुमारे 80 टक्के भाग बुडाला. चौकशीत निघालं की काही भिंती ठरल्यापेक्षा जवळजवळ दोन फूट बुटक्या होत्या. जमीन खचत होती आणि उंची जुन्या तलचिन्हांवरून, म्हणजे उंची मोजायच्या जुन्या खुणांवरून, मोजलेली. कागदावर उंच, जागेवर बुटका. त्यानंतर 2007 मध्ये तिथे कायदा होऊन देशभरच्या पूरबांधांची नोंदवही सुरू झाली.

आपल्या शेजारी, नेपाळमध्ये कुसहा इथे, 18 ऑगस्ट 2008 रोजी कोसी नदीचा बांध फुटला आणि बिहारमधली लाखो माणसं उघड्यावर आली. बांध साडेनऊ लाख क्युसेकसाठी बांधलेला. फुटला तेव्हा नदीत होतं सुमारे दीड लाख! पाणी वरून गेलंच नाही, बांधच कुरतडला गेला. म्हणून नुसती उंची वाढवण्याच्या घोषणा ऐकल्या की मला राग येतो. उंचीचं उद्घाटन होतं, डागडुजीचं होत नाही.

शिवाय एका गावानं आपला काठ उंचावला की पाणी समोरच्या काठाला भिडतं. त्यामुळे नकाशा एका गावाचा करून भागत नाही, दोन्ही काठांचा, वरपासून खालपर्यंत, एकत्रच करावा लागतो. त्यात हेही हवं की अमुक ठिकाणी फुटलं तर पाणी कुठल्या वस्तीत किती वेळात पोचेल. आणि कोणाचा, हा प्रश्न तर राहतोच. डच लोकांत जुनी रीत होती. ज्या शेतकऱ्याला आपल्या वाट्याचा बांध राखणं झेपेना, त्यानं बांधात कुदळ रोवायची आणि जमीन सोडून जायचं. जो कुदळ उपटेल, जमीन त्याची आणि बांधही त्याचाच. कठोर होतं, पण बांध बेवारशी राहत नव्हता.

तुम्ही बांधामागे राहत असाल तर उन्हाळ्यात एकदा तो चालून बघा. घुशींची बिळं, भेगा, गुरांनी पाडलेल्या वाटा, मोठ्या झाडांची मुळं कुठे आहेत ते टिपून ठेवा. पुरात बांधाच्या वस्तीकडच्या पायथ्याशी पाणी पाझरताना दिसेल. ते नितळ असेल तर लक्ष ठेवा. गढूळ असेल तर बांधाची माती वाहून जाते आहे. नितळ असेल तर लक्ष, गढूळ असेल तर धावपळ. अशा वेळी किती वाजलेत ते न बघता लगेच कळवा. रेडिओ आता रात्रीही चालू असतो.

नमस्कार.